सोरायसिसचं पथ्य: सुरुवात कुठून करायची

घरात कुणाला सोरायसिस झाल्याचं कळलं की सल्ल्यांची रांग लागते. वांगं बंद. आंबट बंद. मासे बंद, आणि दूध-मासे एकत्र तर मुळीच नाही. तूरडाळ वातूळ म्हणून बंद, शेंगदाणे उष्ण म्हणून बंद. महिनाभरात ताटात मुगाची खिचडी आणि दुधी एवढंच उरतं. माणूस वैतागून जातो आणि चट्टे होते तिथेच असतात. त्याच महिन्यात सिगरेट चालू असते, शनिवारचे दोन पेग चालू असतात, पोट वाढत असतं, आणि सकाळी अंघोळ झाली की अंगाला काहीही न लावता लोकल गाठायला धावणंही चालू असतं.

मला स्वतःला कित्येक वर्षं सोरायसिस आहे, कोपरांवर आणि डोक्यात. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या जवळपास प्रत्येकाकडे अशी बंद पदार्थांची यादी मी ऐकली आहे. माझं म्हणणं एवढंच की या यादीचा क्रम उलटा लागला आहे. आधी वजन, दारू, तंबाखू आणि त्वचेची रोजची निगा. वांग्याचा नंबर त्यानंतर कधीतरी, आणि तोही आलाच तर.

आत नेमकं काय चाललेलं असतं

निरोगी त्वचेत खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम 3 ते 5 दिवसांत उरकतं. जुन्या पेशी गळण्याआधी नव्या येऊन थडकतात, थरावर थर चढतो आणि चंदेरी पापुद्रे दिसतात. ही घाई लावते आपलीच रोगप्रतिकारशक्ती. इंटरल्यूकिन 17, इंटरल्यूकिन 23, टीएनएफ अशी प्रथिनं गरज नसताना दाहाचे संदेश पाठवत राहतात. रक्त अशुद्ध झाल्याचा किंवा पोटातली उष्णता बाहेर पडल्याचा इथे संबंध नाही. हा आजार स्पर्शाने, टॉवेलने, कंगव्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही.

तो कायमचा जात नाही, हेही आधीच सांगते. पण ताब्यात ठेवता येतो, आणि पुष्कळ जणांच्या बाबतीत फार चांगला.

पहिली पायरी: निदान पक्कं करा, मोजून ठेवा

मुंबईच्या दमट हवेत गजकर्ण घरोघरी असतं, त्यामुळे लाल चट्टा दिसला की माणूस केमिस्टकडून ट्यूब आणतो. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. चार दिवस बरं वाटतं. ट्यूब थांबली की सोरायसिस दुप्पट जोराने उसळतो, आणि डॉक्टरांना मूळ चित्र दिसेनासं होतं. म्हणून ट्यूब न लावता आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. खाजगी फी परवडत नसेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन आणि भायखळ्याचं जेजे या सगळ्या ठिकाणी त्वचारोग विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, आणि पहिल्या दिवशी अर्धा दिवस जाईल असं धरूनच निघा.

डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा. पहिली, चालू असलेली सगळी औषधं. रक्तदाबावरच्या बीटा ब्लॉकर गोळ्या, मनोविकारावरचं लिथियम, मलेरिया-संधिवातावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांनी काहींचा सोरायसिस वाढतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, फक्त विचारायचं. दुसरी, सांध्यांची तक्रार. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास आखडलेली राहतात, टाच दुखते, एखादं बोट सबंध सुजतं, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडतात, यातलं काही असेल तर सांगाच, कारण सोरायसिसचा संधिवात वेळेत धरला नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. तिसरी, घरात हृदयविकार किंवा मधुमेह आहे का. सोरायसिसवाल्यांना या दोन्हींचा धोका जास्त असतो, म्हणून रक्तदाब, साखर, चरबी आणि यकृताच्या तपासण्या एकदा करून घ्या.

घरी मोजायला सोपं माप आहे. तुमचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण 1 टक्का. चट्टे मिळून दहा पंजांपेक्षा जास्त जागा व्यापत असतील तर आजार तीव्र धरतात. चेहरा, तळहात, तळपाय किंवा जांघेत असेल तर एकदोन पंजेही पुरे.

दुसरी पायरी: काही बदलण्याआधी वही

दोन आठवडे खाण्यात काहीही बदलू नका. रोज झोपण्याआधी दोन ओळी लिहा: खाज 0 ते 10 पैकी किती, झोप किती तास, दारू, घसादुखी, नवी गोळी, भांडण किंवा कामाचा ताण, बायकांनी पाळीची तारीख. आठवड्यातून एकदा त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, त्याच चट्ट्याचा फोटो काढा.

घसादुखी मुद्दाम लिहायला सांगते आहे. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरला की काही आठवड्यांत अंगभर थेंबाथेंबाएवढे चट्टे उठू शकतात, विशेषतः मुलांना आणि तरुणांना. त्या वेळी आदल्या रात्रीच्या भरल्या वांग्याला दोष दिला जातो. चट्टा एका रात्रीत तयार होत नाही, त्यामुळे काल काय खाल्लं हे आठवून कारण सापडत नाही. वही सापडायला मदत करते.

तिसरी पायरी: वजन

आहाराबद्दल आज सर्वांत भक्कम पुरावा वजनाच्या बाजूने आहे. पोटावरची चरबी स्वस्थ बसत नाही, तीच टीएनएफसारखी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत असते. डेन्मार्कमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ रुग्णांना 16 आठवडे कमी उष्मांकांचा आहार दिला. त्यांचं वजन सरासरी 15 किलोंनी उतरलं, चट्ट्यांचा कल सुधारण्याकडे दिसला आणि आजाराचा रोजच्या जगण्यावरचा ताण स्पष्टपणे हलका झाला. अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने 2018 मध्ये सगळे अभ्यास तपासून जाड रुग्णांना वजन कमी करण्याचा सल्ला ठामपणे दिला. वजन उतरलं की औषधंही नीट लागू पडतात.

भारतीयांसाठी मापं वेगळी आहेत. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 23 च्या वर म्हणजे वजन जास्त, 25 च्या वर म्हणजे लठ्ठपणा. कंबर पुरुषांची 90 सेंटिमीटर आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. तुमची मापं याच्या आत असतील तर ही पायरी सोडा, उगाच उपाशी राहू नका. जास्त असतील तर पहिलं लक्ष्य वजनाच्या 5 ते 10 टक्के, म्हणजे 80 किलोंच्या माणसाने 4 ते 8 किलो. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरतो.

मुंबईत वजन वाढतं ते संध्याकाळी सहा ते रात्री दहाच्या मध्ये. दुपारचा डबा एक वाजता संपलेला असतो, सहाला ऑफिस सुटतं, स्टेशनच्या बाहेर वडापावची कढई उकळत असते आणि घरी पोचून जेवायला साडेनऊ-दहा होतात. भुकेल्या पोटी त्या कढईसमोरून कुणीही पुढे जात नाही. म्हणून पाच-साडेपाचला, ऑफिसातच, काहीतरी पोटात गेलं पाहिजे: मूठभर फुटाणे, एखादं पेरू किंवा केळं, ताक. स्टेशनवर पोचताना भूक वखवखलेली नसेल तर रात्रीचं जेवणही आपोआप कमी होतं. माझ्या पाहण्यात ज्यांचं वजन उतरून टिकलं, त्यांनी एवढा एक बदल नक्की केला होता.

मग चहा. दिवसाला पाच कप, दर कपाला दोन चमचे साखर म्हणजे दहा चमचे, 40 ते 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आसपास असली तर उत्तम. पाचाचे तीन कप करा, दोन चमच्यांचा एक करा. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू केलेले बहुतेक जण पंधरा दिवसांत परत फिरतात.

तेलाचा हिशोब ताटात लागत नाही, महिन्याच्या किराण्यात लागतो. चौघांच्या घरात महिन्याला अडीच ते तीन लिटर तेल पुरायला हवं. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाअखेरीस रिकामा होत असेल, तर काय करायचं ते कळलंच.

चौथी पायरी: ताट

अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडं किंवा मासा, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. मैदा, फरसाण, बिस्किटं, थंड पेयं ही रोजची न ठेवता कधीमधीची करा. सोरायसिससाठी भूमध्य सागराकाठच्या आहाराचं नाव बरंच घेतलं जातं. त्यात भाज्या, कडधान्यं, सुकामेवा, मासे आणि ऑलिव्ह तेल भरपूर असतं, लाल मांस आणि गोड कमी. त्यातलं ऑलिव्ह तेल सोडलं तर बाकी सगळं दादरच्या मंडईत मिळतं. मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि दोन अक्रोड, हे जेवण त्या पद्धतीत सहज बसतं.

मासे बंद करायला सांगणाऱ्यांशी मी मनापासून असहमत आहे. बांगडा आणि तारली हे ओमेगा 3 भरपूर असलेले मासे आहेत, शिवाय पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त. आठवड्यातून दोनदा खा. रवा लावून तेलात बुडवून तळण्याऐवजी तिखलं करा: बांगड्याचे तुकडे, लाल मिरची-हळदीचं वाटण, कोकम, ठेचलेली तिरफळं आणि वरून चमचाभर खोबरेल तेल, झाकण ठेवून दहा मिनिटं. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ताजा बांगडा मिळेनासा होतो, तेव्हा जवसाची चटणी रोज चमचाभर घ्या. शाकाहारी घरात ती बारा महिने असावी. जवसातला ओमेगा 3 माशातल्याइतका थेट वापरला जात नाही, पण चटणी तरीही चांगलीच. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचे निष्कर्ष मात्र उलटसुलट आहेत, त्या पैशात बांगडे आणा.

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने सोरायसिस होतो किंवा वाढतो याला आधार नाही. कोड येतं यालाही नाही.

गहू सोडण्याबद्दल नीट वाचा. ज्यांना सीलिअॅक आजार आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, किंवा रक्तात त्याच्या खुणा सापडतात, त्यांनाच ग्लुटेन बंद केल्याचा उपयोग होतो. तशी शंका असेल तर चपाती चालू असतानाच रक्ततपासणी करा. आधी गहू सोडला आणि मग तपासणी केली तर ती खोटी स्वच्छ येते.

आता ते वांगं. एखाद्या पदार्थाने तुमचा त्रास वाढतो असं खरंच वाटत असेल तर घरच्या घरी तपासता येतं. फक्त तो एकच पदार्थ चार आठवडे पूर्ण बंद, बाकी सगळं तसंच. मग आठवडाभर तो पुन्हा खा आणि वही बघा. खाज आणि फोटो यांत फरक नसेल तर तो पदार्थ बिनघोर परत घ्या. दोन पदार्थ एकदम बंद केले तर काहीच कळत नाही. आईला किंवा सासूबाईंना ही वही दाखवता येते, आणि घरातला वाद तिथेच मिटतो.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन वजन उतरत नाही, उलट चढतं. फळं, दही, राजगिरा, भगर यांवर भागवा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी उपवास नको. हळद फोडणीत असू द्या, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल स्वतःहून घेऊ नका. काही जणांच्या यकृताला त्यांनी इजा झालेली आहे, आणि आपल्या काही औषधांचा भारही यकृतावरच पडतो.

पाचवी पायरी: दारू आणि तंबाखू

इथे मी सूट देणार नाही. दारूने सोरायसिस भडकतो, औषधांचा गुण कमी होतो, आणि सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर यकृत धोक्यात येतं. सिगरेट-बिडी ओढणाऱ्यांना सोरायसिस होण्याची शक्यताही जास्त आणि तो तीव्र होण्याचीही. तळहात-तळपायांवर पुवाने भरलेल्या पुटकुळ्या येण्याचा जो प्रकार आहे, त्याचे बहुतांश रुग्ण धूम्रपान करणारे असतात. सोडायला मदत हवी असेल तर 1800112356 हा सरकारी तंबाखूमुक्ती क्रमांक मोफत आहे.

सहावी पायरी: अंघोळ, घाम, पाऊस

पाणी कोमट, वेळ पाच-दहा मिनिटं. साबण काखा, जांघा आणि पायांना, चट्ट्यांवर नको. वज्री, काथ्या, घासणी बाथरूममधून काढूनच टाका. पापुद्रे खरवडून काढले की खालून रक्ताचे बारीक थेंब येतात, आणि जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठतो. याला कोब्नर परिणाम म्हणतात. टॉवेलने टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, अंगाला जाड थर लावा. पेट्रोलियम जेली स्वस्त आणि उत्तम, खोबरेल तेलही चालतं. मे महिन्यात दिवसा जेली लावली तर घामाने जीव नकोसा होतो, तेव्हा सकाळी हलकं लोशन आणि रात्री जेली. ऑफिसमधला एसी त्वचा कोरडी करतो, म्हणून ड्रॉवरमध्ये एक छोटी बाटली ठेवा. एक काळजी मात्र घ्या: जेली मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात. गॅससमोर, देवाच्या निरांजनाजवळ आणि दिवाळीत फटाक्यांपाशी सांभाळा.

डोक्यातल्या चट्ट्यांना वेळ द्यावा लागतो. रात्री खोबरेल तेल किंचित कोमट करायचं, भांग पाडत पाडत बोटाच्या पेराने, नख न लावता, थेट टाळूवर लावायचं. केसांना लावून उपयोग नाही. डोक्याला जुना सुती कपडा बांधून झोपायचं. सकाळी पापुद्रे मऊ पडलेले असतात. मोठ्या दातांच्या कंगव्याने, कंगवा टाळूला जवळजवळ सपाट धरून, सुटतील तेवढेच सोडवायचे. चिकटून असतील ते तसेच राहू द्यायचे. मग डॉक्टरांनी दिलेला शाम्पू लावून पाच मिनिटं थांबायचं, लगेच धुवायचं नाही. पापुद्रे निघाल्याशिवाय औषधी लोशन टाळूपर्यंत पोचतच नाही.

लोकलच्या गर्दीत बॅगेचा पट्टा खांद्यावर जिथे घासतो, घट्ट पट्टा आणि ब्राचं इलॅस्टिक जिथे रुततं, टेबलावर कोपर जिथे टेकतं, तिथे चट्टे हटकून टिकतात. पट्ट्याची बाजू बदलत राहा, सैल सुती कपडे घाला. पावसाळ्यात भिजलेल्या कपड्यांत एसीत बसू नका, बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा शर्ट ठेवा. कपडे धड वाळलेच नाहीत तर इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करा, कारण ओलसर कपड्यांनी जांघेत बुरशी येते आणि मग दोन आजारांची गल्लत होते.

ऊन बहुतेकांना मानवतं. दहा-पंधरा मिनिटं, चट्टे उघडे ठेवून, पण त्वचा भाजेपर्यंत कधीच नाही. बंद काचेआडून उपयोग नाही, कामाचे अतिनील किरण काचेतून येत नाहीत. फोटोथेरपी, म्हणजे दवाखान्यातला अतिनील किरणांचा उपचार, चालू असेल तर वरून उन्हात बसायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा.

सातवी पायरी: झोप, चालणं, मन

रोज अर्धा तास चाला. शिवाजी पार्कचा कट्टा, फाइव्ह गार्डन्स, नाहीतर सोसायटीची गच्ची. परत आल्यावर घाम धुवा आणि अंगाला जेली किंवा लोशन लावा. रात्री खाजेने झोपमोड होत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, ते सोसण्याची गोष्ट नाही.

लोकांच्या नजरेचं दुखणं वेगळं. एका पार्लरमध्ये माझ्या मानेवरचे पापुद्रे बघून मुलीने हातातला कंगवा खाली ठेवला होता. तेव्हापासून मी बसतानाच सांगते, "हा सोरायसिस आहे, हात लावल्याने होत नाही, फक्त जोरात घासू नका." आधी सांगितलं की बहुतेक जण समजून घेतात. मुलांच्या शाळेत वर्गशिक्षिकेला हेच आईवडिलांनी सांगावं. तरीही मन खचत असेल, घराबाहेर पडावंसं वाटत नसेल, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या क्रमांकावर बोला. सोरायसिसबरोबर नैराश्य येणं सर्रास आढळतं, आणि त्यावर उपचार आहेत.

औषधं थांबवायची नाहीत

वरचं सगळं औषधांच्या जोडीने करायचं आहे. स्टेरॉइडची गोळी किंवा जोरकस मलम अचानक बंद करू नका, आजार अंगभर पसरू शकतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा आणि घरातल्या आणखी एकाला तो वार सांगून ठेवा. मूल हवं असेल तर बाई असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोला. "मुळापासून बरा" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा जड धातू निघाल्याची उदाहरणं आहेत. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्याकडून घ्या आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं दाखवा.

जवळपास सगळं अंग लाल होऊन थंडी वाजू लागली, तापाबरोबर पुवाच्या पुटकुळ्या उठल्या किंवा सांधा अचानक सुजला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बाकी बदलांचा हिशोब 12 ते 16 आठवड्यांनी करा, त्याआधी नको. त्या भेटीला वही, फोटो, वजनाचा आणि कंबरेचा आकडा आणि संपलेल्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. महिन्याला किती ट्यूबा संपल्या यावरून मलम कमी पडतंय की जास्त होतंय, हे डॉक्टरांना लगेच कळतं.